शुभे, ती कॅसेट अजून आहे का गं?

प्रिय शुभे,

आठ महिने झाले, ना फोन ना मेसेज, चूक माझीच. तुझ्या बाबांच्या वेळी मी यायला हवं होतं, त्याबद्दल समोरासमोर बोलू, पत्रात नको. इकडे सगळे बरे, माझा गुडघा तसाच.

काल गावात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं कळेना. ग्रामपंचायतीसमोर पत्री सरकारातल्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध आपल्या साताऱ्यात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारातल्या, लोकांच्या नावांचा फलक लावतायत, 9 ऑगस्टला उद्घाटन. यादीत आजोबांचं नाव तिसरं. मी म्हटलं, आजीचंही घाला. सगळे गप्प. मग एकजण, अगदी आपुलकीनं हां, म्हणाला, "ताई, म्हातारीनं समद्यांना जेवू घातलं हे सगळ्या गावाला माहितीये, पण कागद काय हाय?"

कागद! पेन्शनच्या नियमातही तेच, सहा महिने तुरुंग पाहिजे, बायकांना तीन, नाहीतर भूमिगत असल्याचं वॉरंट वगैरे. आजी सापडलीच नाही ना कधी. 43 सालापासून घरात माणसं येत-जात होती आणि पोलिसांना एकदाही पत्ता लागला नाही, हेच तर तिचं काम होतं, आणि ते इतकं चोख केलं म्हणूनच आज तिचं नाव नाही. रात्रभर झोप नाही आली मला.

तुला ती न्हाणीतली चूल आठवते? रात्री स्वयंपाकघरातून धूर दिसला तर संशय येणार, म्हणून ती न्हाणीत भाकरी करायची, कुणी विचारलं तर बाळंतिणीचं पाणी तापवतेय म्हणायची. एका रात्री चाळीस भाकरी. काठवटीला गेलेली चीर आणि त्यावर ठोकलेली तांब्याची पट्टी, ती काठवट परवा माळ्यावर सापडली. चिरेत अजून पीठ आहे गं, दगडासारखं झालेलं. नखानं काढायला गेले आणि तशीच ठेवून दिली.

आणि हो, हॉस्टेलमधलं तुझं वाक्य मी विसरलेले नाही. "भाकऱ्या थापून कुणी स्वातंत्र्यसैनिक होतं का?" दोन दिवस बोललो नव्हतो आपण. तू हौसाताईंचं उदाहरण दिलं होतंस, पत्री सरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारहाणीचं नाटक करून पोलिसांना गुंतवलं आणि तोवर साथीदारांनी आतून बंदुका पळवल्या, गोव्यात लाकडी पेटीवर तरंगत मांडवी पार केली, तशी पाहिजे बाई म्हणालीस. मान्यच आहे गं. कासेगावच्या इंदुताई पाटणकर घर सोडून चळवळीत गेल्या तेही मोठंच. पण हौसाताई 2021 मध्ये पंचाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या तोपर्यंत आपल्या जिल्ह्याबाहेर किती जणांना त्या माहीत होत्या? ज्यांनी बंदुका आणल्या त्यांचं हे, मग त्या बंदुका आणणारे परत येऊन ज्यांच्या ओसरीवर जेवले त्यांचं काय? 7 जून 43 ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली पत्री सरकारच्या तूफान सेनेनं, ती पोरं काय उपाशीपोटी हिंडत होती वर्षानुवर्षं? आता तरी कबूल कर, तीस वर्षांनी का होईना. (तुझ्या भाकरीचा आकार बघून तू हा विषय काढायलाच नको होता खरं तर, आजी म्हणायची, "ह्या पोरीनं थापली की सातारा जिल्ह्याचा नकाशा हुतोय.")

तर मुद्दा असा. अकरावीच्या दिवाळीत तू तुझ्या मामाचा टेपरेकॉर्डर आणला होतास आणि आजीला बोलतं केलं होतंस, तिनं कोण कोण आलं, कुणाला काय वाढलं, कोण गवताच्या गंजीत दोन रात्री झोपला, सगळं सांगितलं होतं. मधेच म्हणाली होती, "माझं कशाला, त्येंचं लिवा." ती कॅसेट तुझ्याकडेच राहिली. त्या भांडणानंतर मी मागितली नाही, तू दिली नाहीस.

शोधशील? आईच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात तुझ्या जुन्या वह्यांची पेटी असायची, त्यात बघ आधी. निळ्या कव्हरवर माझ्या अक्षरात "आजी" एवढंच लिहिलंय. पट्टा तुटला असेल तरी फेकू नको, जोडणारा माणूस आहे मिरजेत.

श्रेयाचं ॲडमिशन झालं का, आणि तुमच्या सोसायटीचं पाणी आलं की अजून टँकरच? लिही सविस्तर. कॅसेट मिळाली की मात्र लगेच फोन कर, रात्री कितीही वाजले असले तरी. फलकावरची अक्षरं कोरणारा येत्या सोमवारी येतोय.

तुझीच,
माई