मिशिगनहून बाबांना: जळणाच्या ढिगाविषयी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तिकडे जळायला लाकूड कुठलं मिळतं? मी "मिक्स हार्डवूड", म्हणजे रुंद पानांच्या झाडांचं सरमिसळ लाकूड, म्हटल्यावर जे हसलात! पण विकणारा एवढंच सांगतो हो, पावतीवरही तेवढंच लिहितो. म्हणून आता सविस्तर.

इथे लाकूड कॉर्डच्या मापाने विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब थप्पी, म्हणजे १२८ घनफूट. ट्रकवाला अंगणात ढीग ओतून निघून जातो. पान नाही, फांदी नाही, नुसते ओंडके. तुम्ही ऐन नि किंजळ सालीवरून लांबून सांगता, पण इथे मी सालीवर फार विसंबत नाही. एकाच झाडाची साल कोवळेपणी गुळगुळीत असते आणि खोड जून झालं की भेगाळते. शिवाय ढिगातल्या निम्म्या ओंडक्यांना साल उरलेलीच नसते.

मी आधी कापलेलं तोंड बघते. करवतीने ते खरखरीत झालेलं असतं, म्हणून धारदार सुरीने बोटभर जागा तासायची, पाण्याचा हात फिरवायचा आणि भिंग लावायचं. सागासारखी ठसठशीत वर्तुळं आणि प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसली, की ओक, ॲश, एल्म किंवा हिकरी. छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली असली, तर मेपल, बर्च नाहीतर बीच. मग ओक आणि ॲश वेगळे करायचे. ओकच्या तोंडावर मधोमधून सालीकडे जाणाऱ्या रुंद, फिक्या रेषा नुसत्या डोळ्यांना दिसतात, ॲशच्या दिसत नाहीत.

ओकमध्येही तांबडा आणि पांढरा असे दोन. यांची परीक्षा तुम्हाला आवडेल. गाभ्यातला बोटभर लांबीचा सरळ रेषांचा तुकडा घ्यायचा, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवायचं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंकायचं. तांबडा असेल तर बुडबुडे येतात, कारण त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. पांढऱ्याच्या गाभ्यात त्या आतून बुजलेल्या असतात, गाल दुखेपर्यंत फुंका, काही होत नाही. वाइनची पिंपं पांढऱ्या ओकची करतात ती यामुळेच. जळायला दोन्ही उत्तम, पण वाळायला दोन दोन उन्हाळे घेतात. ओला ओक शेगडीत घातला तर नुसता धुमसतो आणि धुराड्यात डांबरासारखा थर धरतो. तो पेटला की घरालाच धोका. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय आम्ही काहीच जाळत नाही. त्याचं एक छोटं यंत्र मिळतं, दोन खिळे लाकडात टोचले की आकडा दाखवतं. तुमचे जावई दिवसभर तेच टोचत बसतात.

ढिगात सगळ्यात जास्त निघाला ॲश, आणि त्याचं कारण वाईट आहे. ॲशची साल तिरक्या चौकटींच्या जाळीची असते, लाकूड फिकं, कुऱ्हाडीच्या एका घावात सरळ फाटतं. साल सोलली की खाली वेड्यावाकड्या नागमोडी वाटा कोरलेल्या दिसतात, त्यांत भुसा दाबून भरलेला. ही हिरव्या चमकदार भुंगेऱ्याची करणी. हा किडा मूळचा पूर्व आशियातला. इथे डेट्रॉइटजवळ २००२ साली पहिल्यांदा सापडला. आपल्या आंब्याचा भिरूड खोडात खोल शिरतो, हा मात्र बहुतेक सालीखालीच चरतो. पण झाडाचं अन्न वाहून नेणारा थर तिथेच असतो, त्यामुळे काही वर्षांत अख्खं झाड उभं वाळतं. भुंगेरा बाहेर पडतो ते भोक गोल नसतं. एक बाजू सपाट, दुसरी कमानदार. तो लांबवर पोचला तो बराचसा लोकांनी गाडीतून नेलेल्या जळणामुळे. म्हणून इथे सारखं बजावतात की लाकूड जिथे घ्याल तिथेच जाळा. सहलीला जाताना घरून चार फाटी नेणं आपल्याला किती साधं वाटतं! मी तर आता कुणी तसं करताना दिसलं की स्पष्ट बोलते, त्यांना राग आला तरी चालेल.

बाकीची ओळखायला सोपी. चेरीची जून साल म्हणजे करपलेल्या पापडाचे तुकडे चिकटवल्यासारखी, आत लाकूड तांबूस. शॅगबार्क हिकरीच्या सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबत असतात. ओंडका उचलायला जड, आच मात्र फार कडक. बर्चची पांढरी कागदी साल ओली असली तरी पेटते, ती मी पेटवणासाठी जपून ठेवते. पण तिच्यातून पाणीही सुटत नाही, म्हणून बर्च आणल्याबरोबर फोडावा, नाहीतर आतून कुजतो. ब्लॅक लोकस्टच्या पिवळ्या गाभ्यावर रात्री अतिनील किरणांची बॅटरी मारली की तो हिरवट पिवळा चमकतो. तुमच्या नातीचा सध्या तोच खेळ आहे.

अडलंय ते एल्मपाशी. त्याचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की पाचर आत जाते, पण लाकूड उकलत नाही, दोन्ही बाजूंनी तंतू धरून ठेवतं. मी मधोमध मारण्याऐवजी कडेकडेच्या ढलप्या काढून पाहते आहे. बाभळीच्या गाठाळ बुंध्याला तुम्ही पाचर कुठून घालायचात, आणि ओल्यावर फोडायचात की वाळल्यावर, तेवढं कळवा. आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
सुमी