लाइफबोटीतले तीन लिटर

महोदय,
खान्देशातली पोरं आता मर्चंट नेव्हीत जाऊ लागलीत. भाचा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं लाइफबोटीतल्या, म्हणजे जहाज सोडावं लागलं तर उतरायच्या होडीतल्या, पिण्याच्या पाण्याचा हिशेब सांगितला: माणशी एकूण ३ लिटर. फुगवायच्या तराफ्यात तर दीडच. आमच्याकडे मे महिन्यात एवढं दुपारपर्यंत पोटात जातं! बोटीत खुणा केलेला, न गंजणारा पेला असतो; मापूनच प्यायचं. पहिले २४ तास तर जखमी, आजारी सोडून कुणाला थेंबही द्यायचा नाही. घसा कितीही सुकला तरी समुद्राचं पाणी वर्ज्य. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी लागतं. प्रशिक्षण संस्थांनी हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांदेखत सांगावं. फी तेवढी बरोबर सांगतात.

– एक वाचक, अमळनेर