काकूंच्या ओव्यांची डिस्क

प्रिय सुध्या,

तीन वर्षांनी पत्र आणि तेही हाताने लिहिलेलं, म्हणजे काहीतरी भानगड आहे हे ओळखलंच असशील. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे आहेत तसेच.

माळा आवरताना ती डिस्क सापडली. काकूंच्या ओव्यांची. हरवली म्हणालो होतो ना तुला? हरवली नव्हती रे. २००४ साली सेमिनारच्या आदल्या रात्री कोरी डिस्क मिळेना, तेव्हा मीच ती पुसली.

शिव्या नंतर घाल, आधी ऐक. ती डिस्क म्हणजे सीडी-आरडब्ल्यू, पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी. त्या आरडब्ल्यूत चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. काकू चिक्कीचा पाक गार पाण्यात टाकून बघायच्या, कटकन तुटणारी काच व्हायची. तोच साखरेचा पाक निवांत ठेवला तर खडीसाखर. इथेही तेच. लेझरने ठिपका सहाशेएक अंशांना वितळवला की तो क्षणात गोठतो, अणूंना रांगेत बसायला सवडच मिळत नाही, ठिपका निस्तेज राहतो. दोनशेच्या आसपास तापवला की पुन्हा रांग लागते, चकाकी येते. पुसणं म्हणजे एवढंच. हजारेक वेळा चालतं म्हणे.

आणि हो, तुमच्या प्लेअरवर ती वाजेना म्हणून तू दुकानदाराच्या अंगावर गेला होतास. बिचाऱ्याची चूक नव्हती. साधी सीडी सत्तर टक्के प्रकाश परतवते, आरडब्ल्यू जेमतेम वीस. जुन्या प्लेअरला ती दिसतच नाही. 'साध्या सीडीवर उतरवून दे' म्हणून तू ती माझ्याकडे दिलीस आणि मी पाच महिने नुसता बसून राहिलो.

आता झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. मी 'क्विक इरेज' दाबलं होतं की 'फुल'? क्विकमध्ये फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर जागच्या जागी असतो. फुलला वीसेक मिनिटं तरी लागायची, आणि त्या रात्री माझ्याकडे वीस मिनिटांचा धीर? तू मला उतावळा नवरा म्हणायचास, तेच खरं असू दे बाबा. पुसून डिस्कवर सेमिनारचं लिहिलं ते तीस एमबी, म्हणजे आतल्या कडेची फार तर पाच मिनिटं गेली. काकू चाळीस मिनिटं गायल्या होत्या. मात्र साधा ड्राइव्ह नव्या अनुक्रमणिकेपुढे वाचत नाही, त्यातला जाणकारच गाठावा लागेल. तोवर मी ती कशातच घालणार नाही.

पिंकीचं ठरलं म्हणे, अभिनंदन! नवा फ्लॅट कसा आहे? वहिनींना नमस्कार.

पहिली ओवी मात्र गेलीच समज. तुला येते का रे ती? मला नुसती चाल आठवतेय.

तुझा,
मन्या