शरणपूर रोडच्या मावशींना

मावशी, सलाम.

तुमच्याकडे एकोणतीस रात्री राहिलो आणि निघताना धड आभारही मानले नाहीत. रिक्षा दारात उभी होती, बाळाला वारं लागेल म्हणून घाई होती, आणि तुम्ही "ऊन आहे तोवर घरी पोचा" म्हणत दार लावून घेतलंत. दारामागे तुम्ही रडत होतात, हे हिला कळलं होतं. म्हणून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. नात वाचून दाखवेल.

नांदगाव तालुक्यातून आम्ही नाशकात आलो ते रात्री, ॲम्ब्युलन्समधून. सातव्याच महिन्यात बाळंतपण झालं. पोरगी एक किलो दीडशे ग्रॅमची, लगेच काचेत ठेवली. पाचव्या दिवशी हिला डिस्चार्ज मिळाला, बाळाला नाही. दर दोन तासांनी आईचं दूध पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गाव शंभर किलोमीटरच्या आसपास. दोन लॉजवर गेलो. एकाचं भाडं परवडणारं नव्हतं, दुसऱ्याने ओली बाळंतीण बघून "रूम नाही" म्हटलं. डिसेंबर सुरू झालेला, नाशिकची थंडी. ही दवाखान्याच्या जिन्यात, पदराआड, वाटीत दूध काढत बसली होती.

तिथे तुम्ही आलात. चहाचा थर्मास आणि कागदी कपांची चळत घेऊन तुम्ही दर रविवारी चर्चमधून परस्पर तिकडे येता, हे मला नंतर समजलं. तुम्ही हिच्याकडे बघितलंत, वाटीकडे बघितलंत आणि विचारलंत, "रात्री कुठं झोपता गं?" ही म्हणाली, "इथंच." "चल उठ. घर पंधरा मिनिटांवर आहे." नाव, गाव, जात, काही विचारलं नाहीत. नाव विचारलंत ते घरी गेल्यावर, तेही हाक मारायला पाहिजे म्हणून.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. पहिले दोन दिवस मी तुमच्या घरचं जेवलो नाही. बाहेर खाऊन आलो, असं सांगत होतो. आमच्या घरी तीन पिढ्यांची वारी, माझ्या गळ्यात माळ. त्यात गावाकडून चुलत्यांचा फोन आला होता, "ख्रिश्चनाच्या घरी राहता? जपून राहा, बाटवतील." मी त्यांना उलट काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही भांडी बाजारातून पातेलं आणलंत. स्टीलचं, मध्यम, कडेला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. माझ्यासमोर ती चिठ्ठी नखाने खरवडून काढलीत, पातेलं चिंचेने घासलंत आणि म्हणालात, "हे तुमचं. यात आमच्यातलं काही शिजणार नाही. माळ दिसली मला." त्यात अळिवाची खीर झाली, मुगाची खिचडी झाली, रोजची वरणाची डाळ शिजली. महिनाभर ते पातेलं वेगळ्या फळीवर पालथं घातलेलं असायचं. माझी माळ माझ्या घरच्यांनीसुद्धा इतकी सांभाळली नसेल.

रात्री दोनच्या दुधाला तुम्ही आमच्याबरोबर टॉर्च घेऊन निघायचात. गुडघे दुखत असताना. मी नको म्हटलं की म्हणायचात, "रस्त्यावरची कुत्री मला ओळखतात, तुला नाही." त्याच चालण्यात एकदा मी विचारलं होतं, अनोळखी माणसं घरात घेताना भीती नाही वाटली? तुम्ही म्हणालात, "आमच्यात सांगितलंय बाबा, परका दारात आला की प्रभूच आला समजायचं. त्याला कोण भितं?" आणि मग आपण उभे होतो त्या भागाची गोष्ट सांगितलीत.

शरणपूर हे नाव मी शंभर वेळा वाचलं असेल, कधी थांबून विचार केला नव्हता. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनने वसवलेली ही वस्ती. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली, इथेच शिकली, सुतारकी-लोहारकीसारखी कामं शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिका पालथी घालणारे मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत खांद्यावर वाहून आणणाऱ्यांत तो होता. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचं दफन झालं तेव्हाही तो हजर होता. आपल्या नाशकात शिकलेला पोरगा! तुमचे पणजोबाही दुष्काळात आईबाप गेल्यावर मिशनमध्ये वाढलेले. "आम्हाला कुणी तरी आत घेतलं म्हणून आम्ही आहोत," एवढं बोलून तुम्ही टॉर्च विझवलात, दवाखाना आला होता.

नाताळच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "यायचं तर या, नाही तर निवांत पडा." मी आलो आणि मागे दाराशी उभा राहिलो. पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांचे अभंग चालले होते. अभंगाची ती चाल कानावर पडली आणि नकळत माझे हात टाळ धरल्यासारखे झाले. पाळकांनी येशूच्या जन्माचं वाचलं. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून आईने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बाकीच्यांनी ते दरवर्षी ऐकलेलं असणार. मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि मावशी, गव्हाण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माझ्या गोठ्यात दगडाची आहे. कडब्याचा चुरा, गाईची ओली नाकं, तळाशी साचलेला गारवा. तिथे बाळ ठेवायची वेळ आली, तर त्या आईला काय वाटलं असेल, ते मला दोन लॉजच्या पायऱ्या उतरल्यावर कळलं होतं. मी बाहेर येऊन चपला घालायच्या आत रडलो. तुम्ही पाहिलंत, आणि काही विचारलं नाहीत.

१ जानेवारीला पोरगी एक किलो सातशे वीस ग्रॅमची होऊन बाहेर आली. तुमच्या पलंगावरच्या उशीखाली मी दोन हजार रुपये ठेवले होते. घरी गाठोडं सोडलं तेव्हा ते दुपट्याच्या घडीत निघाले, आणि सोबत पातेलं.

आता ती बसते. दोन दात आलेत. तिची खीर त्याच पातेल्यात होते, आणि मागच्या महिन्यात चुलते आले तेव्हा त्यांना चहाही मी त्यातच केला, ते कुठून आलं हे सगळं सांगून. ते पूर्ण कप प्यायले.

येत्या नाताळला येतोय. बाजरीचं पीठ, नवा कांदा आणि घरचं तूप आणतो, स्वयंपाक ही करणार आहे. तुम्ही दवाखान्यात चहा घेऊन गेला असाल तर आमची वाट बघू नका. किल्ली कोरफडीच्या कुंडीखाली असते, माहीत आहे.

तुमचा,
नांदगावकडचा लेक