बिया कोणी घडवल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चिनी मातीच्या कलेवरचा लेख दोनदा वाचला. चिनी कलाकार आय वेईवेई यांच्या, चिनी मातीतून केलेल्या सूर्यफुलाच्या बियांबद्दल त्यात भरभरून लिहिलंय, पण त्या बिया घडवल्या कोणी, हे एका ओळीतही नाही. मी खानापूरच्या कुंभाराघरची मुलगी, म्हणून हे मनाला लागलं.

२०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात पसरलेल्या त्या सुमारे दहा कोटी बिया, चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या चिंगदेचन शहरातल्या १६००च्या आसपास कारागिरांनी केल्या. एकेका बीवरच्या रेघा हातानं ओढलेल्या. काम दोन वर्षांहून जास्त चाललं. खुद्द वेईवेईंनी हे कधी लपवलं नाही. धुळीमुळे प्रेक्षकांचं बियांवरून चालणं काही दिवसांतच बंद करावं लागलं, हे आपण छापलंत. मग ती माती हाताळणारे लेखात का नाहीत?

एका भांड्याला पुष्कळ हात लागणं ही तिथली जुनीच रीत. एका पेल्याला ७२ हात लागतात, असं सोंग यिंगशिंग या चिनी लेखकानं १६३७ साली लिहून ठेवलंय. भांड्यांवरच्या निळ्या नक्षीतसुद्धा एक जण नुसती रेघ काढायचा, रंग भरणारा वेगळा. कोबाल्टचा तो रंग लावताना काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीत.

आमच्याकडेही तसंच. बाबा चाकावरून मडकं उतरवतात तेव्हा ते जाड असतं, बूड उघडं असतं. आई आत गोटा धरून बाहेरून थापी मारत ते वाढवते, बूड मिटवते. माठ होतो तो तिच्या हातात.

गेल्या वर्षी बेळगावातल्या एका प्रदर्शनात आमचे माठ मांडले होते. पाटीवर नाव दुकानाचं. आईला वाचता येत नाही. "काय लिवलंय गं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती काही बोलली नाही, माठाच्या बुडावरून हात फिरवत उभी राहिली.

दिवाळीच्या तोंडावर आपण पणत्यांचे फोटो छापता. यंदा त्याखाली करणाऱ्यांची नावं छापा, बायकांचीही. खानापूरला माणूस पाठवा, आम्ही घरोघरची नावं सांगू.

आपली,
कुंभारवाड्यातील एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)