मित्रास पत्र: उपग्रह ऐकणाऱ्यांविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. हौशी रेडिओचा परवाना हाती येईपर्यंत उपग्रहांचे नुसते ऐकत बसण्यात काय हशील, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर दोन ओळींत आटोपण्यासारखे नाही. रेडिओवर स्वतः बोलण्यासाठी परवाना लागतो हे खरेच, पण हौशी रेडिओ उपग्रहांच्या इतिहासात बोलणाऱ्यांइतकाच, आणि काही प्रसंगी त्यांच्याहून अधिक, वाटा ऐकणाऱ्यांचा आहे, असे माझे मत आहे.

अगदी पहिल्या हौशी उपग्रहाचेच घे. कॅलिफोर्नियातील काही हौशी मंडळींनी बांधलेली साधारण साडेचार किलो वजनाची ऑस्कर-१ ही पेटी १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटवर, वजनाचा तोल साधण्यासाठी ठेवल्या जाणाऱ्या ठोकळ्याच्या जागी बसून वर गेली. तिच्यात ना सौर पट्ट्या होत्या ना दुतर्फा संभाषणाची सोय. बॅटरीवर चालणारा, अवघ्या १४० मिलिवॅट शक्तीचा प्रक्षेपक १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास मोर्समध्ये ‘एच’ आणि ‘आय’ ही दोन अक्षरे पुन्हा पुन्हा पाठवत राही. खुबी अशी, की पेटीच्या आतील तापमान बदलले की अक्षरांचा वेगही बदलत असे. म्हणजे घड्याळ हातात धरून ते संकेत मोजणारा कोणी खाली बसला असेल तरच वरच्या तापमानाचा पत्ता लागणार. बॅटरी संपेपर्यंतच्या जेमतेम तीन आठवड्यांत २८ देशांतील ५७० हून अधिक हौशींनी आपापल्या नोंदी पाठवल्या. यांपैकी कोणीही त्या उपग्रहामार्फत एक शब्दही बोलले नव्हते, कारण तशी सोयच नव्हती.

ऑस्कर-७ ची कथा तू अर्धवट ऐकली असशील. नोव्हेंबर १९७४ मध्ये सोडलेला, खालून आलेले आवाज परत खाली पाठवणारा हा हौशी उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट झाल्यामुळे बंद पडला आणि सर्वांनी त्याच्या नावावर काट मारली. जून २००२ मध्ये एका ब्रिटिश हौशाला १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जुन्या धाटणीची मोर्स टेलिमेट्री, म्हणजे उपग्रहाने स्वतःच्या स्थितीविषयी पाठवलेले आकडे, ऐकू आली. ती कोणाची हे ओळखण्याइतका त्याचा कान आणि त्याची स्मरणशक्ती दोन्ही शाबूत होती, हे सर्वांचेच भाग्य. शॉर्ट झालेल्या बॅटरीतील जोड पुढे कधीतरी तुटला असावा आणि सौर पट्ट्यांची वीज थेट यंत्रणेला मिळू लागली असावी, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तेव्हापासून हा उपग्रह उन्हात असला की चालतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद पडतो. मधे सांभाळून घ्यायला बॅटरी नसल्यामुळे खालून कोणी अवाजवी शक्तीने संकेत पाठवला, तर परतीच्या पट्ट्यातील सगळ्यांचेच आवाज एकदम थरथरू लागतात. अशा वेळी कोण दांडगाई करीत आहे हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. करणाऱ्याला बहुधा कळत नाही.

हौशी उपग्रहांच्या पलीकडेही या कानांचा उपयोग झाला आहे. नासाच्या ‘इमेज’ या उपग्रहाशी डिसेंबर २००५ मध्ये संपर्क तुटला होता. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातील स्कॉट टिली हे हौशी निरीक्षक ‘झूमा’ या गुप्त उपग्रहाचा माग काढत असताना त्यांना भलताच संकेत मिळाला. तो इमेजचा असल्याचे त्यांनी ताडले आणि नासाने पुढे त्याला दुजोरा दिला. त्यांनी केले ते एवढेच, की संकेताची फ्रिक्वेन्सी काळानुसार कशी सरकते याचा आलेख काढला आणि तो कोणत्या कक्षेशी जुळतो हे पाहिले.

हा आलेख तुलाही काढता येईल, आणि म्हणूनच ऐकण्याला मी निष्क्रिय काम मानत नाही. उपग्रह आपल्याकडे येत असताना डॉप्लर परिणामामुळे त्याची फ्रिक्वेन्सी मूळ आकड्याहून चढी दिसते, तो सर्वांत जवळ असताना ती झरझर उतरते आणि दूर जाताना मूळ आकड्याखाली जाते. खालच्या कक्षेतील उपग्रहासाठी १४५ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्हीकडे सुमारे तीन किलोहर्ट्झचा असतो, तर ४३५ वर तो दहाच्या घरात जातो. हल्ली एकाच रॉकेटवर डझनांनी क्यूबसॅट, म्हणजे ठोकळ्याएवढे छोटे उपग्रह, जातात (फेब्रुवारी २०१७ मध्ये पीएसएलव्हीने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले होते), आणि सुरुवातीचे काही दिवस रडारला दिसणाऱ्या ठिपक्यांपैकी कोणता आपला, हे खुद्द बांधणाऱ्यांनाही सांगता येत नाही. विद्यार्थ्यांच्या चमूकडे बहुधा एकच ग्राउंड स्टेशन असते आणि त्यावरून उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा जातो. मग जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणी त्याचा बीकन (सतत पाठवला जाणारा ओळखीचा संकेत) टिपला, तर उपग्रह जिवंत आहे ही बातमी त्यांना प्रथम त्या अनोळखी माणसाकडून मिळते. सॅटनॉग्ससारखे स्वयंचलित स्टेशनांचे जाळे हे काम आता रात्रंदिवस करते. त्याची उपयुक्तता मी नाकारत नाही, परंतु स्वतःच्या हाताने फ्रिक्वेन्सी धरून ठेवताना जे उमगते ते यंत्रावर सोपवून उमगत नाही.

सुरुवात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापासून कर. त्याचा डाउनलिंक (खाली येणारा संकेत) १४५.८०० मेगाहर्ट्झवर असतो, संकेत जोरकस असतो आणि एफएम असल्याने तीन किलोहर्ट्झची सरक रिसीव्हर निभावून नेतो. टीव्हीसाठी बनवलेला, संगणकाला लावायचा यूएसबी डोंगल आणि पोलादी मोजटेपचे तुकडे प्लास्टिकच्या नळीवर बसवून केलेली यागी अँटेना एवढे तुला पुरेल. कक्षेची माहिती ताजी घे, नाहीतर पासच्या, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून जाण्याच्या, वेळा चुकतात. संकेत अचानक खोल गेला तर दिशा बदलण्याची घाई करू नकोस. यागी तशीच रोखून मनगट पाव फेरा वळव, कारण बरेचदा बिघडलेले असते ते ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा यागीशी जुळत नसते. स्थानकावरून अधूनमधून एसएसटीव्ही चित्रे (आवाजाच्या रूपात सावकाश पाठवलेली) येतात. पीडी-१२० पद्धतीत एका चित्राला दोन मिनिटे लागतात, तेव्हा मनगटाची प्रत्येक चूक पडद्यावर खरखरीत आडव्या पट्टीच्या रूपाने उमटलेली दिसेल. शिकण्यासाठी याहून रोकठोक मास्तर मिळणार नाही.

त्यानंतर एसओ-५० या हौशी उपग्रहाकडे वळ. तो ४३६.७९५ वर ऐकू येतो आणि त्यावर एकमेकांवर कॉलसाइन (परवानाधारकाची ओळखखूण) आदळणाऱ्यांची बाजारासारखी गर्दी असते. त्या गलबल्यातून एक पूर्ण कॉलसाइन वेगळा काढता आला, की परवान्यानंतर कधी बोलावे आणि कधी गप्प बसावे हे निराळे शिकावे लागणार नाही. क्यूओ-१०० हा भूस्थिर उपग्रह मी मुद्दाम शेवटी ठेवतो. २५.९ अंश पूर्वेला तो कायम एका जागी असल्याने, त्याच्या टप्प्यात असणाऱ्याला डिश एकदा रोखली की पुरते. सोय मोठी आहे. मला मात्र त्यात पासची धावपळ नसल्याची चुटपुट लागते.

नोंदी पहिल्या दिवसापासून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार ठेव: संकेत केव्हा उगवला, केव्हा मावळला, फ्रिक्वेन्सी कुठून कुठे सरकली आणि संकेत मधे कुठे बुडाला. काहीच ऐकू आले नाही तर तेही लिही. ऑस्कर-७ सारख्या उपग्रहाच्या बाबतीत अमुक वेळी तो उन्हात असूनही गप्प होता, ही नोंदही इतरांच्या कामाची असते. पहिल्या काही पासांचे ध्वनिमुद्रण आणि नोंदी मला पाठव. एसओ-५० चा आलेख काढलास तर मूळ आकडेही सोबत जोड, म्हणजे मी तो कक्षेशी पडताळून पाहीन.

तुझा,
अविनाश