मांडवाच्या परवानगीत 'आरसीसीबी'ची अट घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की मांडव किती फुटांचा, कमान रस्त्यात किती आली, स्पीकर किती वाजता बंद, यावर बैठका झडतात. विजेबद्दल मात्र 'अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या' एवढंच सांगितलं जातं. ते बरोबरच आहे, पण मीटर अधिकृत असला म्हणून मीटरच्या पुढची वायर कोरडी राहत नाही. म्हणून आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, परवानगीतच सक्तीचा करावा, असं माझं म्हणणं आहे.

मी आयुष्यभर वायरमनचं काम केलं. मांडवात हमखास दिसणारा प्रकार सांगतो. दोन वायरी पिळायच्या, वर काळी टेप गुंडाळायची आणि पाऊस लागू नये म्हणून त्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधायची. पाणी वायरीवरून ओघळत पिशवीत शिरतं आणि तिथेच साचून राहतं. उघडा जोड निदान उन्हात वाळला तरी असता! त्यात हा जोड बांधलेला असतो लोखंडी पाइपाला, आणि त्याच पाइपाला धरून लहान मुलं दर्शनाच्या रांगेत उभी असतात.

काही मंडळं 'आयपी ६५' लिहिलेला चांगला बॉक्स आणतात. त्यातला ६ धुळीसाठी आणि ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. पण वायर घ्यायला आमचाच कारागीर बॉक्सच्या डोक्यावर भोक पाडतो, ग्लँडही (वायरीभोवती भोक घट्ट बंद करणारी खोबणी) लावत नाही. मग त्या ६५ ला काय अर्थ उरला? वायर खालून घ्यावी, ग्लँड आवळावी आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं. जोड जमिनीवर आणि तागाच्या ओल्या पोत्याखाली तर नकोच.

'एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) आहे की' हे उत्तर ठरलेलं. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा हजार मिलिअँपिअरपर्यंत हूं की चूं करत नाही. माणसाचं हृदय बंद पडायला शंभरही पुरतात. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो आणि फरक तीस मिलिअँपिअरवर जायच्या आत लाइन तोडतो. सिंगल फेजचा दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. पावसात तो सारखा पडायला लागला की कार्यकर्ते वैतागतात आणि 'डायरेक्ट' करून टाकतात, म्हणजे आरसीसीबी वगळून लाइन जोडतात. तो पडतोय म्हणजे कुठला तरी जोड ओला झालाय. तो शोधायचा सोडून सांगणाऱ्याचंच तोंड बंद करायचं, असा हा प्रकार.

आणखी एक अडचण आहे. परवाना असलेला ठेकेदार वायरिंग तपासतो ते सुरुवातीला, बहुतेक वेळा कोरड्यात. नंतर रोज रात्री एखादी माळ, एखादा फोकस वाढतो, मग सर येते. त्यानंतर कोण बघतं?

म्हणून महापालिकेला आणि पोलिसांना विनंती, की परवानगीच्या अर्जात दोन अटी घालाव्यात. मांडवाच्या मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग. शिवाय मंडळाने एका जबाबदार माणसाचं नाव द्यावं. त्याने रोज आरतीआधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबावं, जोरदार सर येऊन गेली की मेन बंद करून सगळे जोड बघावेत आणि त्याची वहीत नोंद ठेवावी. वर्गणीच्या पावत्यांचा हिशेब मंडळं चोख ठेवतात, तेव्हा ही वही त्यांना जड जाऊ नये.

– एक निवृत्त वायरमन, सांगली